सांगलीच्या हळदीची वेबसाइट गुगलवर वर आणताना

गणपती पेठेत माझ्या मामांचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. पेठेतलं गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, पण करोनानंतर पुण्या-मुंबईकडून फोनवर ऑर्डरी यायला लागल्या आणि मामांनी वेबसाइट करून घेतली. साइट दिसायला बरी होती. ‘सांगलीची हळद’ असं शोधलं की मात्र चार-पाच पानं मागे जावं लागे. ती वर आणायला एका एजन्सीचं काम बराच काळ चालू होतं. ते थांबल्यावर मामांनी सगळे पासवर्ड माझ्या स्वाधीन केले. मी विश्रामबागेत राहते, वेबसाइटींची कामं करते, त्यामुळे घरातलं काम घरात आलं.

एजन्सीनं जाताना एक एक्सेल फाइल दिली होती: ‘तयार केलेल्या लिंक्स’. शेकडो ओळी. प्रत्येक ओळीत कुठल्यातरी पानाचा पत्ता आणि लिंक ज्या शब्दांवर लावली ते शब्द. मी एकेक उघडत गेले. परदेशातल्या गाडीदुरुस्तीवरचा लेख, क्रिप्टोवरचा लेख, लग्नाच्या फोटोग्राफीवरचा लेख. खाली अभिप्रायांच्या गर्दीत ‘खूप उपयुक्त माहिती, धन्यवाद’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं, आणि लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘बेस्ट टर्मरिक पावडर इंडिया’. त्या नावावर टिचकी मारली की मामांचं दुकान. बरीच पानं तर उघडतच नव्हती.

मामांनी विचारलं, ‘‘एवढ्या लोकांनी आपलं नाव घेतलंय, मग आपण मागे का?’’

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी मला थोडं मागे जावं लागलं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना पेजरँकची पद्धत मांडली. संशोधनात ज्या निबंधाचा दाखला इतर लोक जास्त देतात तो महत्त्वाचा मानतात, तोच विचार त्यांनी वेबला लावला. एका पानानं दुसऱ्या पानाकडे लिंक दिली की तो दाखला धरायचा, आणि देणारं पान जितकं वजनदार तितकं त्या दाखल्याचं वजन जास्त. हे कळल्याबरोबर लोकांनी जिथे फुकट लिहिता येतं तिथे आपापल्या लिंका पेरायला सुरुवात केली. अभिप्रायाची चौकट सगळ्यात सोपी, कारण तिथे कुणालाही लिहिता येतं.

त्यावर जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांनी मिळून नोफॉलो आणलं. लिंकच्या कोडमध्ये हा एक शब्द असला की तिचं वजन पुढे जात नाही. वर्डप्रेस या ब्लॉग आणि वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरनं अभिप्रायांतल्या लिंकांना तो आपोआप लावायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलनं आणखी दोन खुणा आणल्या: वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकेसाठी ‘यूजीसी’ आणि पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’. नोफॉलो आता कडक हुकूम नाही, गुगल त्याला इशारा म्हणून वाचतं. पण गाडीदुरुस्तीच्या लेखाखाली हळदीची जाहिरात दिसल्यावर त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला गुगलकडे काही कारण नाही.

मामांना मी हे लॅपटॉपवरच दाखवलं. लिंकवर राइट क्लिक केलं, पानाचं कोड दाखवणारं ‘इन्स्पेक्ट’ उघडलं, लिंकच्या ओळीत ‘रेल’ या खुणेपुढे लिहिलेले ‘नोफॉलो यूजीसी’ हे शब्द दाखवले. मग दुसरी, तिसरी. मामा शांतपणे बघत होते. म्हणाले, ‘‘म्हणजे दुकानात येऊन कुणी भाव विचारला आणि न घेता गेला, असं?’’ मी म्हटलं, ‘‘मामा, ते गिऱ्हाईक निदान दुकानात तरी आलं. इथं तर कुणी आलंच नाही.’’ भेटींच्या आकड्यांतही हेच दिसत होतं. त्या सगळ्या पानांवरून साइटवर आलेली माणसं जवळजवळ नव्हतीच.

आता या लिंकांचं काय करायचं? इथे बरेच जण घाबरतात आणि भलतंच करून बसतात, म्हणून हा भाग सविस्तर सांगते. २४ एप्रिल २०१२ ला गुगलनं शोधाचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला. कृत्रिम लिंकांवर उभ्या असलेल्या साइट तेव्हा धडाधड खाली गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डिसअ‍ॅव्हाउ’ची सोय आली: नको असलेल्या साइटींची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यायची, म्हणजे गुगल त्या लिंका धरत नाही. २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या मुख्य पद्धतीचाच भाग आहे आणि तो अशा लिंकांची सहसा किंमतच शून्य करतो, सगळी साइट खाली ढकलत नाही. म्हणून मी आधी सर्च कॉन्सोलमध्ये, म्हणजे गुगल साइटमालकांना देतं त्या साधनात, ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’चं पान पाहिलं. तिथे माणसानं तपासून केलेली कारवाई असेल तर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्याकडे काही नव्हतं. त्यामुळे मी ती यादी पाठवली नाही. गुगलचं स्वतःचं सांगणंही हेच आहे, की बहुतेक साइटींना या सोयीची गरज पडत नाही, आणि चुकीच्या वापरानं चांगल्या लिंकाही जाऊ शकतात. कारवाई आलेली असती तर गोष्ट वेगळी होती. मग आधी जमतील तितक्या लिंका काढून घ्यायच्या, उरलेल्यांची यादी द्यायची आणि फेरविचाराचा अर्ज करायचा.

खरं काम यानंतर सुरू झालं. मी सर्च कॉन्सोलमधला शोधशब्दांचा अहवाल काढला. लोक आमच्या साइटपर्यंत काय लिहून पोचत होते? ‘राजापुरी आणि सेलम हळद फरक’, ‘हळकुंड घरी कसं दळायचं’, ‘हळद भेसळ कशी ओळखायची’, ‘हळदीचे पेव’. आणि आमच्या साइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. ‘उच्च प्रतीची शुद्ध हळद’ हे मात्र प्रत्येक पानावर होतं. अशा पानाला कुणी लिंक का द्यावी? लिंक देणारा आपल्या वाचकाला तुमच्याकडे पाठवत असतो. पाठवण्यासारखं तिथे काही असावं लागतं, आणि सांगलीत बसून हळदीबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं म्हणणं म्हणजे कृष्णेकाठी राहून पाणी नाही म्हणण्यासारखं आहे.

मी पेवांपासून सुरुवात केली. मामांच्या ओळखीनं हरिपूरला गेले. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं हे गाव, आणि तिथल्या मातीत हळद साठवायची जमिनीखालची पेवं. तोंड अरुंद, आत घेर मोठा. आत पाला आणि चटया अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा राहत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. काही वेळ ते तसंच ठेवतात, मग कंदील खाली सोडतात. तो विझला तर अजून थांबायचं. तिथल्या एका आजोबांनी मला हे सगळं हातवारे करत सांगितलं. त्यांनीच २००५ च्या पुराचंही सांगितलं, पेवांत पाणी शिरलं आणि भरलेला माल गेला तेव्हाचं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. त्यांचं बोलणं मी त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच शब्दांत पानावर घातलं. फोटो मी काढले आणि प्रत्येक फोटोखाली नीट मराठीत ओळ लिहिली.

दुसरं पान भेसळीचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं घरी करण्यासारखी साधी चाचणी दिलेली आहे: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळं होतं. मामांनी काउंटरवर दोन पेले ठेवले, मी फोटो घेतला. तिसरं पान हळदीच्या वर्षाचं: अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण, साधारण नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मार्केट यार्डातले सौदे. हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे भाव वेगवेगळे का, हेही त्यात आलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गिऱ्हाइकाला अर्थ काय, हेही मामांच्या भाषेत घातलं.

शीर्षकं, पानांमधल्या आपसांतल्या लिंका, जड फोटो हलके करणं, मोबाइलवर साइट पटकन उघडणं ही कामं त्याच काळात उरकली. ती करावीच लागतात, त्यांवर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग लिंका. स्वयंपाकावर मराठीत लिहिणाऱ्या एका बाईंच्या लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं, लोणच्याला कुठली हळद घ्यावी. मी तिथे सविस्तर उत्तर लिहिलं, माझ्या खऱ्या नावानं. लिंक दिली नाही. त्या बाईंनी मला ईमेल केलं, पेवांबद्दल आणखी विचारलं. मी पानाचा पत्ता आणि फोटो पाठवले. पुढे त्यांनी हळदीवर स्वतंत्र लेख लिहिला आणि त्यात आमच्या पेवांच्या पानाची लिंक दिली, लेखाच्या ऐन मजकुरात. त्या एका लिंकेवरून जितकी माणसं आली तितकी एजन्सीच्या सगळ्या फाइलमधून आली नव्हती. अभिप्रायाचा खरा उपयोग मला तिथे दिसला. त्यातून ओळख होते, आणि लिंक झाली तर त्या ओळखीतून होते.

त्यानंतर मी स्वतःहून ईमेल लिहिली. शेतीवर लिहिणारे, खाद्यसंस्कृतीवर लिहिणारे, सहलींवर लिहिणारे. प्रत्येकाचा लेख आधी पूर्ण वाचला. ईमेल छोटं ठेवलं: ‘‘तुमच्या लेखात पेवांचा उल्लेख आहे, पण आतून ती कशी असतात ते नाही. आम्ही हरिपूरला जाऊन फोटो काढले आहेत. वाचकांना उपयोग होईल असं वाटलं तर जरूर वापरा, फक्त कुठून घेतले ते लिहा.’’ बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी दिलं. एका स्थानिक वृत्तपत्राच्या ऑनलाइन आवृत्तीतही आमच्या फोटोंसह बातमी आली. मराठी वेबचं एक आहे, इथे माणसं कमी आहेत पण नीट लिहिणाऱ्याला नीट उत्तर मिळतं. इंग्रजीत ‘टर्मरिक’साठी जितकी झुंबड आहे तितकी ‘हळकुंड’साठी नाही, आणि आमचं गिऱ्हाईक तर मराठीतच शोधतं.

याच काळात विकत लिंका देऊ करणारी ईमेलं रोज येत होती. ‘गेस्ट पोस्ट’ म्हणजे तुमचा लेख आमच्या साइटवर छापू, लिंक कायमची राहील, अमुक रुपये. मामांना त्यात वावगं वाटेना. ‘‘पेपरात जाहिरात देतोच की आपण पैसे मोजून.’’ मी सांगितलं, पेपरातली जाहिरात जाहिरात म्हणून छापलेली असते, वाचणाऱ्याला ते कळतं. विकत घेतलेल्या लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण लावली तर तीही चालते, गुगलची हरकत नाही, पण मग तिचं वजन मिळत नाही. खूण न लावता ती विकणारा आपल्याला वाचकाशी खोटं बोलायला लावतो. मामा पेढीवरचा माणूस. मापात पाप नको हे त्यांना मला शिकवावं लागलं नाही. ‘‘मग नको,’’ म्हणाले.

दुकानासाठी गुगलवरचं बिझनेस प्रोफाइलही नीट केलं. जवळचं गिऱ्हाईक नकाशावर शोधतं, आणि तिथे क्रम ठरताना तीन गोष्टी पाहतात: शोधाशी दुकानाचा मेळ, अंतर आणि दुकानाची ख्याती. पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखा केला, कारण कुठे जुना नंबर होता तर कुठे पेठेचं नाव चुकलेलं. रविवारी दुकान किती वाजता बंद होतं ते घातलं. मामांची सून आता येणाऱ्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर देते.

आज ‘हळदीचे पेव’ शोधलं तर आमचं पान पहिल्या पानावर असतं. ‘राजापुरी हळद’साठी ते वर-खाली होत राहतं, कधी पहिल्या पानाच्या तळाशी, कधी दुसऱ्यावर. नुसतं ‘हळद पावडर’ असं शोधलं तर मोठे ब्रँड आणि मोठ्या ऑनलाइन बाजारपेठाच दिसतात. तिथे आपण जाणार नाही, असं मी मामांना स्पष्ट सांगितलं आणि त्या शब्दामागे वेळ घालवायचा नाही असं आम्ही ठरवलं. ऑर्डरी मात्र वाढल्या आहेत, आणि फोन करणारे आता ‘हळद आहे का’ असं न विचारता ‘राजापुरीचं हळकुंड आहे का’ असं विचारतात.

सध्या बेदाण्याचं पान लिहायला घेतलं आहे. तासगावच्या एका शेडवर जाऊन यायचं आहे, डिपिंगपासून, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवण्यापासून, प्रतवारीपर्यंत सगळं बघायला. मामा म्हणतात, द्राक्षं उतरायला लागली की जाऊ, तोवर हळदीच्या नव्या सौद्यांचे फोटो घेऊन ठेव.