पात की गड्डा?

घरी लसूण लावायचा तर आधी एक वाद मिटवावा लागतो: पात खायची की गड्डा? मेथी-कोथिंबिरीत असली भानगड नसते, जे उगवलं ते उपटायचं नि भाजीत घालायचं. लसणाची पात जे उन्हात कमावते ते खाली गड्ड्यात साठतं. पात कापली की खालचा उपाशी राहतो. म्हणून विकायला लसूण करणारा शेतकरी पातीला हात लावू देत नाही. आमच्या परसात मात्र सासूबाई पोहे फोडणीला टाकतात आणि कात्री घेऊन थेट वाफ्यात जातात.

त्यांचंही खरं आहे म्हणा. कोवळ्या पातीची चटणी, म्हणजे पात, हिरवी मिरची, भाजलेले दाणे, मीठ, सगळं खलबत्त्यात जाडसर कुटलेलं आणि वर कच्चं तेल. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ती खाल्ली की गड्ड्याची बाजू मांडायला मलाही तोंड उरत नाही. शिवाय गड्डे बाजारात बारा महिने मिळतात, ताजी पात मिळेलच असं नाही.

लावणी आमच्याकडे कार्तिकी एकादशीच्या आसपास. सासूबाई चातुर्मास पाळतात. आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर कांदा-लसूण खाऊन घेतात आणि मग कार्तिकीपर्यंत दोन्ही बंद. पिकालाही नेमकी हीच वेळ मानवते. लसूण रब्बीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा. गड्डा धरायला आधी थंडी लागते आणि पुढे मोठे होत जाणारे दिवस. फार उशिरा लावला तर पात छान येते, पण उपटल्यावर खाली कुड्याच पडलेल्या नसतात, नुसता एक गोल गोटा निघतो. (तो सोलायला इतका सोपा की मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.)

गड्डा फोडला की मधल्या बारीक कुड्या फोडणीला आणि कडेच्या जाड कुड्या वाफ्यात. साल काढायची नाही. बूड खाली, टोक वर, चार बोटांच्या अंतरावर, मातीखाली जेमतेम झाकेल इतकीच खोल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचे भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण भरघोस येतात असं जाणकार सांगतात. आमच्या वाफ्यात माहेरचा गावठी लसूण आहे. कुड्या बारीक, साल जांभळट आणि चिवट, सोलताना नखं दुखतात. पण कुडी अख्खी असेपर्यंत तिला फारसा वास नसतो, तो ठेचल्यावर सुटतो. आतल्या पेशी फुटतात, एरवी वेगळे ठेवलेले दोन घटक एकत्र येतात आणि त्यातून तो झणका तयार होतो. त्यामुळे अख्खी कुडी तेलात परतली तर सौम्य लागते आणि तीच बत्त्याखाली गेली की शेजारच्यांनाही आमचा बेत कळतो.

डिसेंबर-जानेवारीत विशेष काही करायचं नसतं. पानांवर पांढुरके चट्टे दिसले की पोंग्यात डोकवायचं. दोन पानांच्या बेचक्यात फुलकिडे बसलेले असतात, पिवळट, सुईच्या टोकाएवढे. मी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारते. सगळे जात नाहीत, पण घरच्या वाफ्याला तेवढं पुरतं.

खरी परीक्षा काढणीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालची पानं वाळायला लागली की पाणी तोडायचं. सगळी पात वाळेपर्यंत थांबायचं मात्र नाही. पातीच्या प्रत्येक पानाचं बूड खाली गड्ड्याभोवती गुंडाळलेलं असतं. आपण कागदासारखी सोलून टाकतो ती साल म्हणजे हेच पान. सगळी पानं मेली की मातीतली ही आवरणं कुजतात आणि गड्डा फुटून कुड्या सुट्या होतात. म्हणून वरची चार-पाच पानं हिरवी असतानाच खुरप्याने माती सैल करून उपटायचं आणि पातीसकट सावलीत पसरायचं.

आता आमची वाटणी झाली आहे. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या ओळी सासूबाईंच्या, पातीच्या. विहिरीकडच्या माझ्या, गड्ड्याच्या. त्यांच्या ओळींत सुपारीएवढे गड्डे निघतात, माझ्याकडे त्याहून बरे. 2024 मध्ये लसूण किलोला 400 रुपयांवर गेला तेव्हा मी माझ्या टोपलीकडे जरा तोऱ्यानेच बघत होते. सासूबाईंनी तेवढ्यात तिच्यातले सगळ्यात जाड गड्डे बियाण्यासाठी वेगळे काढले, पातीची वेणी घातली आणि माझा हात पोहोचणार नाही अशा खुंटीला टांगली. चातुर्मासात स्वतः खात नाहीत, त्यामुळे तेव्हा पहारा आणखी कडक. तरी दिवाळीपर्यंत वेणी निम्मी होतेच. कोण काढतं ते घरात कोणी कबूल करत नाही, आणि दर लावणीला अर्धा किलो लसूण मंडईतून आणावा लागतो.