पुरुषपणाची कार्डं, नोंद ७: ‘वगैरे’चं कुलूप उघडलं

कादंबऱ्यांतलं पुरुषपण टिपायच्या आपल्या कार्डांवरचा ‘भावना’ हा रकाना आजपासून बंद. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’च्या (१९६३) कार्डांवर तो बहुतेक रिकामाच राहायचा आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर कोरडा ठरायचा. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचलेल्या कुणालाही हे पटणार नाही.

चूक शोधण्यात होती. रडला, घाबरला, लाजला अशी क्रियापदं धुंडाळून हा पुरुष सापडत नाही. तो भावनेचं नाव घेतो आणि लगेच तिच्यावर ‘वगैरे’ टाकतो. म्हणून आता ‘वगैरे’च्याच जागा टिपायच्या. सलग २० पानं, एका जागेला एक कार्ड, आधीचा शब्द लाल पेन्सिलीने. यादी खरंच पुढे वाढवता येत असेल (चहा, बिडी वगैरे) तर ‘य’. वाढवायला काहीच नसेल (दुःख वगैरे) तर ‘झ’, म्हणजे झाकण. कंसातली उदाहरणं आपली, कादंबरीतली नव्हेत. ‘य’ची कार्डं फेकू नका: हा गडी सवयीनेही वगैरे म्हणतो, त्या सवयीशी ताडल्याशिवाय ‘झ’ला किंमत नाही. आणि जिथे ओळीच्या ओळी ‘वगैरे’ येतच नाही, तिथे निळं कार्ड. खरा ऐवज तिथेच आहे.

कार्डं छापखान्यातल्या जाड कागदाच्या कातरणीची, ५ × ३ इंची. गुळगुळीत नकोत, पेन्सिल उठत नाही. ओसीआरच्या (छापील पानावरची अक्षरं यंत्राने ओळखण्याच्या) नादी तर लागूच नका. जुन्या छपाईत काना पुसट असला की ‘मी गेलो’चं ‘मी गेले’ होतं आणि निवेदकाची बाई! २० पानं हाताने टाइप केलेली परवडली.

या घोळाने सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीसाठी (२००६) मात्र एक रकाना मिळाला. भाडेकरूला नाव नाही. निवेदक तनय त्याला ‘तू’ म्हणतो. ‘तू आलास’मध्ये पुरुष दिसतो, ‘तू सांगितलंस’मध्ये नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. तेव्हा लिंग तपासताना सकर्मक भूतकाळ वगळा.

पुढे भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) याच तक्त्यावर घ्यायची ठरली होती. पण थांबा. ‘आम्ही गेलो’ पुरुषही म्हणतात, बायकाही. नाक्यावरच्या पोरांचं पुरुषपण या ‘आम्ही’त किती लपतं? ‘वगैरे’ बाजूला ठेवून आधी तिथला निवेदक पोक्या ‘मी’वरून ‘आम्ही’वर कुठे उडी मारतो ते टिपू. पहिली २० पानं, हिरवी पेन्सिल.