पेटीचे तीन सूर आणि अर्ध्या तासाचं अँबियंट

अँबियंट, म्हणजे संथ, वातावरणासारखं पसरलेलं संगीत, करायला बसलं की पहिला मोह होतो रेव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा. तो जरा आवरा. एक पेटी, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि थोडा गुणाकार एवढ्यावर अर्ध्या तासाचा ट्रॅक उभा राहतो. तो फसतो बहुधा लूपच्या (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्याच्या) जोडावर, नाहीतर गंधारावर.

काळी एकचे सा, ग आणि प वेगवेगळे रेकॉर्ड करा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, पीक उणे 12 डेसिबलच्या आसपास. पंखा बंद. माइक पट्ट्यांच्या वर हातभर अंतरावर. भात्याच्या बाजूला ठेवला तर सुरापेक्षा फुसफुस जास्त येते. भाता छोट्या झोक्यांनी भरत राहा, कारण दाब पडला की आवाज बसतो आणि स्वरही किंचित हलतो. फोन वापरत असाल तर ऑटो गेन बंद करता येईल असं ॲप हवं, नाहीतर सूर विरताना मागची खोली फुगून वर येते.

आता गंधार. 440च्या हिशेबाने (A सूर 440 हर्ट्झ धरून) लावलेल्या पेटीत काळी एकचा सा 277.18 हर्ट्झ आणि ग 349.23. साचा पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा, आत दडलेला सूर) 1385.9 वर, गचा चौथा 1396.9 वर, म्हणजे सेकंदाला 11 वेळा थरथर. गाण्याच्या साथीत ती खपून जाते. दहा मिनिटं लांबवलेल्या सुरात दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी छळते. गचा प्लेबॅक रेट 0.992 करा आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ बंद ठेवा. स्वर 14 सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरतो आणि तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधाराशी जुळतो. पंचमाचा फरक जेमतेम 2 सेंट. त्याने सेकंदाला साधारण एक डोल येतो, तो गोडच लागतो, राहू द्या. पेटी गंधार ट्यूनिंगची, म्हणजे ग आधीच स्वयंभू गंधाराला लावलेली, असेल तर यातलं काहीच करायला नको.

सा अखंड वाजणार, त्यामुळे खरी कसोटी त्याच्या जोडाची. 17 सेकंदांच्या लूपला 20 सेकंदांचा सूर लागतो. शेवटचे 3 सेकंद कापून सुरुवातीवर चढवा: कापलेल्या तुकड्याला 3 सेकंदांचा फेड-आउट, मूळ तुकड्याला तेवढाच फेड-इन, दोन्ही इक्वल पॉवर वक्राचे, म्हणजे मिळून आवाज सारखाच राहील असे. सरळ रेषेचे फेड दिले तर मधोमध आवाज सुमारे 3 डेसिबल खचतो आणि दर 17 सेकंदांनी खड्डा ऐकू येतो. आणखी एक गोम: कापलेल्या कडांना रीपर स्वतःहून काही मिलिसेकंदांचे फेड लावतो. ते शून्य केले नाहीत तर रेंडर करताना (तयार ऑडिओ फाइल काढताना) फाइलमध्येच पक्के होतात आणि जोडावर उचकी लागते.

प आणि ग मात्र तुटक हवेत. प 9 सेकंद वाजून 14 सेकंद गप्प, एकूण 23. ग 6 सेकंद वाजून 23 सेकंद गप्प, एकूण 29. टाइम सिलेक्शन तेवढंच धरून, शांततेसकट रेंडर करा. 23 आणि 29 ची तीच गाठभेट 667 सेकंदांनी, म्हणजे 11 मिनिटं 7 सेकंदांनी होते. साचे 17 धरले तर पूर्ण फेरा तीन तासांच्या वर जातो. 20 आणि 30 घेतले असते तर दर मिनिटाला तेच. अँबियंटचा प्रवर्तक संगीतकार ब्रायन ईनो याने 1978 साली विमानतळांसाठीच्या अल्बममध्ये टेपची अशीच न जुळणारी वेटोळी फिरवली होती, त्यातलं एक साडेतेवीस सेकंदांचं.

खर्ज (खालच्या सप्तकाचा सा) हवा असेल तर साची प्रत रेट 0.5 वर टाका. भात्याचा श्वासही दुप्पट संथ होतो, आणि कित्येकदा ट्रॅकमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच ठरते.

रेव्हर्ब सगळ्यात शेवटी, आणि तोही सेंडवर, म्हणजे आवाजाची प्रत वेगळ्या ट्रॅकवर पाठवून तिथे. त्याच्या आधी 200 हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर. खर्ज रेव्हर्बमध्ये शिरला की नुसता चिखल. 8 सेकंदांचा डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) पुरतो. लूपच्या फाइल वेव्हमध्येच ठेवा. एमपी3 एन्कोडर सुरुवातीला बारीकशी शांतता घुसवतो, आणि इतक्या निगुतीने केलेला जोड तिथे उघडा पडतो.