मोंढ्यात जाण्याआधीची प्रार्थना

जालना, मंगळवार रात्र

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनची आवक वाढलीय. आज एका खरेदीदाराने परत तेच सांगितलं. मशीनवर मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, बारा टक्के आलं तर मी पंधरा लिहायचं. शेतकऱ्याला क्विंटलमागे तीन किलो कटती, म्हणजे वजनात कपात, बसते, त्यातला माझा वाटा संध्याकाळी हातात. मी नाही म्हणालो. पण नाही म्हटल्याने विषय संपत नाही. दुपारभर डोक्यात हिशेब चालू होता, कारण लेकीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता तोंडावर आलाय. समोरचा शेतकरी वाकून मशीनचे आकडे बघत होता. वाळलेल्या शेंगा टोचून त्याची बोटं काळी पडली होती, भेगांत धूळ बसली होती. त्या हातांकडे बघूनही हिशेब थांबेना, याचंच मला जास्त भय वाटलं.

घरी आल्यावर बायबलमधला मत्तयाचा सव्विसावा अध्याय काढला. गेथशेमाने बागेत प्रभू येशू तिघा शिष्यांना जवळ घेतो, जागे राहा आणि प्रार्थना करा म्हणतो, आणि ते झोपतात. पुढे त्याच रात्री त्या तिघांतला पेत्र अंगणात असताना एक दासी त्याला ओळखते आणि तो प्रभूला ओळखतच नाही म्हणतो. तिथे प्रार्थनेला वेळ कुठे होता? जे बळ लागणार होतं ते बागेतच मागून घ्यायचं होतं. मोंढ्याचंही तसंच आहे. सौदा चालू असताना, मागे हमाल पोती घेऊन उभे असताना गुडघे टेकायला कुणी थांबत नाही.

आजीचं माहेर बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या गावचं. ती चूल पेटवायच्या आधी प्रार्थना करायची, आणि ‘आम्हास परीक्षेत आणू नको’ इथे आली की थांबायची. लहानपणी मला वाटायचं, पुढचं विसरली. आता वाटतं, त्या दिवशी जी माणसं भेटणार ती आठवत असावी.

प्रार्थनेने पैशाची गरज जात नाही. दुःखाचा प्याला टळावा म्हणून खुद्द प्रभूने त्या बागेत मागितलं, तरी तो टळला नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो, देवदूताने येऊन त्याला शक्ती दिली. तेवढंच मीही मागतो, देवबापा, हात स्थिर ठेव. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल लिहितो की परीक्षेबरोबर देव निभावण्याचा मार्गही ठेवतो. आज मला तो सुचला तो इतकाच: मशीनचं तोंड शेतकऱ्याकडे फिरवलं आणि आकडा मोठ्याने वाचला. बारा. एकदा चारचौघांत बोललं की पंधरा लिहिता येत नाही.

बायकोला रात्री सगळं सांगितलं, रकमेसकट. प्रभूलाही त्या रात्री सोबत जागणारी माणसं हवी होती, मग मी एकट्याने कशाला झुंजू? ती म्हणाली, फीचं आपण भिशीतून बघू, आणि सकाळी मलाही उठवा.

अरण्यात प्रभूला घातलेला मोह संपल्यावर सैतान संधी मिळेपर्यंतच दूर गेला, असं लूकने लिहिलंय. तो खरेदीदार उद्याही येणार, हंगाम अजून बराच आहे. पाचला उठायचं ठरलंय.