बॅटरी 'बरी आसा' म्हणत वॉरंटी अडवली, शेवटी कशी बदलून घेतली : माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, पण डोकं थंड झाल्यावर लिहू म्हणून थांबलो. अजूनही पूर्ण थंड झालेलं नाही, तरी लिहितोय, कारण माझ्या ओळखीतल्या दोघांना तंतोतंत हेच उत्तर देऊन परत पाठवलंय आणि त्यांनी कंटाळून खिशातले पैसे घालून नवी बॅटरी घेतली.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), म्हापशातल्या एका दुकानातून घेतलेली. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटी ४८ महिने, पण ती २४ अधिक २४ अशी. म्हणजे पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी गेली तर फुकट बदलून, पुढच्या २४ मध्ये प्रो-राटा, म्हणजे नवी बॅटरी विकतच घ्यायची, फक्त किती महिने वापरली त्या हिशेबाने सूट. आणि ही सूट एमआरपीवर धरतात हे लक्षात घ्या! दुकानदार जुनी बॅटरी घेऊन नवी तशीही एमआरपीपेक्षा बरीच कमीला देतो, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत प्रो-राटाचा फायदा जवळजवळ काहीच उरत नाही. खरी वॉरंटी ती पहिलीच. माझे ते फुकटचे महिने संपायला थोडेच दिवस असताना बॅटरीने त्रास द्यायला सुरुवात केली, म्हणून जीव वरखाली होत होता.

त्रास असा की रात्री गाडी व्यवस्थित लावायची, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टिकटिक. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंप दिला की चालू, मग दिवसभर काही नाही. बाबांना दर महिन्याला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, बांबोळीला न्यावं लागतं, सकाळी लवकर निघावं लागतं, आणि त्याच सकाळी गाडी चालू होत नाही तेव्हा काय होतं ते ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला सांगायला नको.

दुकानात गेलो. त्यांनी मीटर लावला, १२.६ व्होल्ट दाखवलं, लगेच "बॅटरी बरी आसा, फक्त डाऊन जाल्ली." अहो, मी डिचोलीहून म्हापशापर्यंत चालवत आणली, अल्टरनेटरने वाटेत चार्ज केलीच ना! गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट देतो, आणि गाडी बंद केल्यावर लगेच मीटर लावला तर वरवरचा चार्ज दिसतो, तो खरा आकडा नसतो. खरा आकडा बघायचा तर बॅटरी काही तास तशीच ठेवायला हवी. हे दुकानात बसणाऱ्याला माहीत नसतं असं मला वाटत नाही. वॉरंटी कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बॅटरी नुसती डिस्चार्ज झाली तर तो दोष धरला जाणार नाही, त्या एका वाक्यावर ही माणसं सगळ्यांना परत पाठवतात.

मग म्हणाले ठेवून जा, रात्रभर चार्जिंगला लावतो. ठेवली. तोवर वापरायला दुसरी बॅटरी द्या म्हटलं तर स्टँडबाय शिल्लक नाही. (ही मागायचीच, बऱ्याच डीलरकडे असते, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.) दुसऱ्या दिवशी चार्जरवरून काढली, तशीच गरम गरम टेस्टरला लावली, ओके आली. आता नवीन उत्तर, तुमच्या गाडीत करंट लीक आहे, सर्व्हिस सेंटरला दाखवा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गाडीत काही नाही, बॅटरी बदला. परत दुकानात, परत तेच. मधे आमच्या इथे तो धो धो पाऊस, बॅटरी हातात उचलून दुकानाच्या पायऱ्या चढायच्या, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस "फाल्यां येयात" (उद्या या) म्हणतो आणि इकडे फुकटचे महिने संपत चाललेत. माझा खरा संताप यावर आहे, की दोष त्यांच्या मालात आणि वेळ मात्र माझा जळतो आणि तारीखही माझीच उलटते.

इथे मी काय केलं ते नीट सांगतो, कारण यानेच काम झालं.

आधी आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मायनसची वायर काढून मधे ॲमीटर लावला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास हात लावला नाही. हे थांबणं महत्त्वाचं, कारण हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, लगेच मोजलं तर आकडा जास्त दिसतो आणि दुकानदाराला आयतंच कारण मिळतं. आकडा आला ३० मिलीॲम्पिअर. ५० च्या आत असेल तर साधारण ठीक धरतात. त्याच्याकडून हे कागदावर लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवलं. आता हिशेब करा, ३० मिलीॲम्पिअर म्हणजे १२ तासांत ०.३६ एएच. बॅटरी ३५ एएचची. म्हणजे रात्रभरात जेमतेम एक टक्का जातो! एवढ्याने सकाळी सेल्फ मरत नाही. एवढ्या लीकने अर्धी बॅटरी रिकामी व्हायला तीन आठवड्यांच्या वर लागतील. हा हिशेब मी दुकानात सगळ्यांसमोर कागदावर मांडून दाखवला, तेव्हा पहिल्यांदा समोरचा माणूस गप्प बसला.

दुसरं, बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीला न जोडता घरी नुसती जमिनीवर ठेवली. संध्याकाळी मीटरचा फोटो, १२.७. सकाळी परत फोटो, १०.८. गाडीला जोडलेलीच नाही तर लीक कसला? बॅटरीत सहा सेल, चार्ज असेल तर प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, सगळे मिळून १२.६. एक सेल गेला की दोन व्होल्ट गायब, साडेदहा-पावणेअकरावर येऊन थांबते. फुटक्या कळशीसारखं आहे, भरताना भरलेली दिसते. म्हणून चार्जरवरून काढल्या काढल्या टेस्ट करू द्यायची नाही. चार्ज करून एक रात्र ठेवा आणि मग माझ्यासमोर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून व्होल्ट किती पडतात ते बघणं) करा, हे एवढं एकच वाक्य धरून बसायचं.

तिसरं ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता, ती हायड्रोमीटरने मोजतात. माझ्या बॅटरीला वर सहा बुचं होती, हायड्रोमीटर घालून बघता येत होतं. इलेक्ट्रिशियनने बघितलं, पाच सेल १.२६ च्या आसपास आणि एक १.१२. पूर्ण चार्ज बॅटरीत साधारण १.२६ ते १.२८ यायला हवी, आणि सेलासेलांत ०.०५ पेक्षा जास्त फरक म्हणजे सेल खराब. हायड्रोमीटर दुकानातही होता, टेबलावरच पडलेला होता! कोणी उचलला नाही. उलट एकाने सांगितलं त्या सेलमध्ये थोडं ॲसिड घालून देतो. अजिबात घालू द्यायचं नाही. ॲसिड घातलं की आकडा वर दिसतो, सेल दुरुस्त होत नाही, आणि वर वॉरंटी बाद व्हायला कारण मिळतं. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, बाकी काही नाही. ज्यांची बॅटरी सीलबंद आहे आणि वर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा आहे त्यांनी त्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो, बाकी पाच मेले तरी हिरवाच.

एवढं सगळं दाखवल्यावर दुकानदार म्हणाला आता कंपनीचा इंजिनिअर येईल तेव्हाच ठरेल. कधी येईल? सांगता येत नाही. हीच गोष्ट मी ऐकून घेतली नाही. तिथेच उभं राहून वॉरंटी कार्डावरच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला, सिरीयल नंबर सांगितला, तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक व तारीख मेसेजवर मागून घेतली. तारखेसाठी एवढा आग्रह का, तर इंजिनिअर महिन्याने आला तरी तक्रार मुदतीत होती हे दाखवता यावं. शिवाय १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर पण तक्रार टाकली. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात. त्यानेही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. हे मी दुकानात शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही.

इंजिनिअर आला, हायड्रोमीटर घातला, तोच एक सेल बघितला आणि सही केली. जे इतके दिवस होत नव्हतं ते चहा थंड व्हायच्या आत झालं. बाबांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, मला खरंच खूप बरं वाटलं.

आता आठवेल तसं सांगतो. बिल थर्मल कागदावरचं असेल तर घेतल्या दिवशीच फोटो काढा, आमच्या दमट हवेत एका पावसाळ्यात अक्षरं उडतात. बिल नसेल तर वॉरंटी विक्रीच्या तारखेऐवजी बॅटरी बनल्याच्या तारखेपासून मोजायला लागतात. कार्डावरचा सिरीयल नंबर आणि बॅटरीवर कोरलेला नंबर दुकानातच जुळवून बघा. ओटीपीवाली ई-वॉरंटी असेल तर तुमच्या मोबाईलवर मेसेज आल्याशिवाय निघू नका. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर वॉरंटी बरीच कमी असते, टॅक्सीवाल्या भावांनी घेतानाच विचारून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर क्लेमला जायच्या आधी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून व्हॅसलीन लावा, नाहीतर मेंटेनन्स नाही म्हणून बोट दाखवतात. समुद्राकडच्या लोकांना ही बुरशी जास्तच, कळंगुट-मोरजीकडच्यांना ठाऊक असेल. घरी बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी.

आणि बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी पूर्ण वॉरंटी मिळत नाही, जुनीचीच उरलेली चालू राहते. म्हणून बदली बॅटरी घेताना बनल्याची तारीख बघा. मला आधी जी काढून दिली ती गोदामात बरेच महिने पडून असलेली होती, मी ती परत केली आणि ताजी मागवून घेतली. उरलेली वॉरंटी कधी संपते ती तारीख कार्डावर शिक्क्यासकट लिहून घेतली आहे.