नागपुरात बी.एड. करताना: आधी टाचण शिका

"बी.एड. करायचं आहे, कुठलं कॉलेज बरं?" दर वर्षी पदवीचे निकाल लागले की हा प्रश्न सुरू होतो. कॉलेजचं नंतर पाहू. आधी हे पक्कं करा की तुम्हाला कितवीला शिकवायचं आहे, कारण पुढचं सगळं गणित त्यावरच बसतं.

आपल्याकडे शिक्षकाला वकिलासारखी एकच सनद मिळत नाही. पदवी, बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीसाठीची अभियोग्यता परीक्षा) अशा पायऱ्या आहेत, आणि कोणत्या वर्गासाठी कोणती पायरी लागते हे वेगवेगळं आहे. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका हवी. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केलं, तरी आजही कित्येक जण "बी.एड. झालं की प्राथमिकला लागू" या समजुतीने प्रवेश घेतात. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटीचा पेपर दोन लागतो. नववी-दहावीला विषयाची पदवी आणि बी.एड. पाहिजे. अकरावी-बारावीला त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. वाणिज्यवाल्यांनी इथे जास्त सावध असावं. त्यांचा विषय शाळेत अकरावीपासून सुरू होतो, म्हणून एम.कॉम. शिवाय नुसत्या बी.एड.वर त्यांच्यापुढची दारं फारच थोडी राहतात.

प्रवेश सीईटीने, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेने होतो. शंभर प्रश्न, शंभर गुण, नव्वद मिनिटं आणि चुकीला गुणकपात नाही. बुद्धिमापनाचे ४०, सामान्यज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३० प्रश्न असतात. इंग्रजी माध्यमातून करायचं असेल तर त्यासोबत ईएलसीटी ही इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. पात्रता खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के, राखीव वर्गाला ४५ टक्के. सीईटी अवघड नाही. माणसं अडकतात ती कागदपत्रांत. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं आणि प्रवेशफेरी त्यानंतर येते, त्यामुळे गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र फाईलमध्ये असूनही कामाला येत नाही. जातवैधतेला, विशेषतः अनुसूचित जमातीच्या, महिनोन्‌महिने लागू शकतात. सीईटीचा फॉर्म भरण्याआधीच तो अर्ज मार्गी लावा. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं आहे तसंच सगळीकडे ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ बाळगावं.

आता कॉलेज. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदियातली महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे आहेत, चंद्रपूर-गडचिरोलीची २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. पसंतीक्रम भरताना तीन गोष्टी बघा: एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता चालू आहे का, महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित (विनाअनुदानितचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ते छापील मागा), आणि तुमच्या विषयाची अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक तिथे खरोखर आहेत का. "यायची गरज नाही, परीक्षेला या" असं सांगणारी जागा टाळाच. नियमाने वर्गाला ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला (शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के हजेरी हवी. नियमाचं सोडा, न जाता मिळालेल्या बी.एड.ने चाळीस पोरांसमोर पहिल्याच तासाला घाम फुटतो, आणि त्यात नुकसान त्या पोरांचं होतं.

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते टाचणाबद्दल, म्हणजे पाठ घेण्याआधी लिहायच्या त्याच्या आराखड्याबद्दल. दोन वर्षांत चार सत्रं, थिअरीचे ढीगभर पेपर, प्रात्यक्षिकांच्या वह्या हे सगळं असतं, पण शिक्षक घडतो तो टाचणात. आणि नेमकं तेच काम सीनियरची जुनी वही समोर ठेवून उतरवलं जातं.

टाचणाच्या डोक्यावर इयत्ता, घटक, दिनांक, तासिका. मग उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, विकास, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय. साचा सगळ्यांना पाठ असतो. बिघडतं ते उद्दिष्टातच. "विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजते" असं लिहिलं की पाठ तिथेच हरवतो, कारण समजलं हे तुम्ही पाहणार कशावरून? "विद्यार्थी ओल्या कपड्याने गारवा का येतो याचं कारण सांगतो" असं लिहा. मूल्यमापनाचा प्रश्न त्या वाक्यातच तयार असतो. टाचण तपासण्याची माझी सोपी रीत आहे: उद्दिष्टं आणि मूल्यमापनाचे प्रश्न शेजारी शेजारी ठेवायचे. ज्या उद्दिष्टाला प्रश्न नाही ते खोडायचं, ज्या प्रश्नाला उद्दिष्ट नाही तोही.

हाच पाठ आठवीवर घ्यायचा आहे असं समजा. नागपूरच्या पोराला बाष्पीभवन शिकवायला पुस्तकातलं चित्र कशाला, घरोघरी कूलर आहे. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा, पुठ्ठ्याने वारा घाला, दर मिनिटाला दोन्ही वाचनं फळ्यावर लिहा. हा प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. पहिलं, डॉक्टरी थर्मामीटर आणला जातो. त्याचा पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही आणि मापही ३५ ते ४२ अंशांचंच असतं. प्रयोगशाळेतला -१० ते ११० अंशांचा मागा. दुसरं, नळाचं गार पाणी वापरलं जातं. मग एखादा हुशार पोरगा म्हणतोच, "पाणीच थंड होतं ना सर!" आणि त्याचं बरोबर असतं. पाणी आदल्या दिवशी भरून वर्गातच ठेवा. तिसरं कारण इथल्या हवेचं आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओला थर्मामीटर सहज आठ-दहा अंश उतरतो, पण विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी आणि तुमचे पाठ पडतात पावसाळ्यात. तेव्हा फरक दोन-तीन अंशांवर येतो आणि छात्राध्यापक गोंधळतो.

गोंधळायचं कारण नाही, या कमी फरकाचाच वर्गासाठी प्रश्न बनवा: "मे महिन्यात कूलर गारवा देतो, मग जुलैत नुसती चिकचिक का?" हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी हळू उडतं, उष्णता कमी ओढली जाते, म्हणून गारवा कमी. दहावीच्या 'उष्णता' प्रकरणात आर्द्रता येते तेव्हा याच प्रश्नाचा आधार मिळतो. शिवाय हातावर कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा, तो पावसाळ्यातही गार लागतो, कारण हवेत पाण्याचं बाष्प असलं तरी स्पिरिटचं नसतं. बाटली मात्र आपल्याच हातात ठेवायची.

आणि भाषा. पोरगा म्हणेल, "पाणी उडून राह्यलं सर." हे नागपूरचं चांगलं मराठी आहे आणि निरीक्षणही अचूक आहे. हसू नका, दुरुस्त करायला धावू नका. "बरोबर, पाणी उडून राहिलं आहे" म्हणा आणि फळ्यावर "पाण्याचे बाष्पीभवन होत आहे" असं लिहा. शब्द फळ्यावरून आपोआप त्याच्या वहीत जातो. पोराच्या तोंडची भाषा पहिल्याच आठवड्यात खोडून काढली, तर पुढचे तीन महिने तो वर्गात तोंड उघडत नाही.

पूर्ण पाठाआधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव-पाठ येतो. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (निरीक्षकाचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, असं एकूण ३६ मिनिटांचं चक्र. वेळेअभावी बहुतेक ठिकाणी पुनर्पाठच गाळला जातो, म्हणजे औषध लिहून दिलं पण घेतलंच नाही. एका वेळी एकच कौशल्य घ्या. प्रश्नकौशल्य चाललं असेल तर अक्षरावर बोलू नका. निरीक्षकाने "छान झाला" लिहिण्याऐवजी मोजावं: प्रश्न किती विचारले, त्यांतले हो-नाहीचे किती, उत्तरासाठी किती थांबलात. मनात तीन अंक मोजून थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि मागच्या बाकावरचे हात वर येतात. "समजलं का?" हा प्रश्न वहीतून कायमचा काढा. त्याला सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्यानंतर दोन-तीन कौशल्यं जोडणारा सेतुपाठ, आणि मग वर्गावर जायचं.

फलकलेखनाचं थोडक्यात: खडू अर्धा तोडून धरा, किरकिर थांबते. फळा वरून खाली पुसा. घटकाचं नाव आणि मुख्य मुद्दे डावीकडे तासभर राहू द्या, आकडेमोड उजवीकडे.

आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. कागदावर सोळा आठवडे भरपूर वाटतात, पण पोळा, तान्हा पोळा, गणपती, सत्र परीक्षा आणि दिवाळी वजा केली की पाठ शेवटच्या पंधरवड्यात कोंबले जातात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडून वार्षिक नियोजन मागून घ्या, मार्गदर्शक शिक्षकांना घटक विचारा आणि तारखा लिहून टाका. मार्चपासून सकाळची शाळा लागली की तासिका आखूड होते. ३५ मिनिटांचं टाचण तसंच नेलं तर मूल्यमापनाआधीच घंटा होते. लांबते ती नेहमी प्रस्तावना. ती पाच मिनिटांत संपली पाहिजे.

घटक चाचणीत आधी प्रश्नपत्रिका काढून मग संविधान तक्ता (कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे दाखवणारा तक्ता) भरायची सवय आहे. तक्त्याच्या बेरजा जुळतात, पण उपयोजनाच्या रकान्यात व्याख्या विचारलेली दिसते. वीस गुणांत ज्ञान ५, आकलन ७, उपयोजन ६, कौशल्य २ असं आधी वाटून घ्या आणि मगच प्रश्न लिहा.

टीईटी आणि टेट यांत नावामुळे घोळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा. पेपर दोनमध्ये १५० मिनिटांत १५० प्रश्न: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषांचे ३०-३०, आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र ६०. खुल्या वर्गाला ६० टक्के लागतात, आणि प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती द्यावी लागते आहे, तेव्हा पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ बी.एड.च्या पेपरला वाचता तेव्हाच टीईटीचे जुने प्रश्न सोडवा, वेगळा क्लास लावायची गरज पडत नाही.

टेट ही भरतीची गुणवत्ता ठरवते. दोन तासांत २०० प्रश्न, अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८०, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. विषयज्ञान इथे कामाला येत नाही, सराव येतो. २०१७ नंतर ती थेट २०२३ ला झाली आणि मग २०२५ ला, म्हणून जाहिरात येण्याची वाट पाहून अभ्यास सुरू करू नका. रोज अर्धा तास अंकमालिका आणि बैठकव्यवस्था सोडवत राहा. चुकीला गुणकपात नाही, एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. घरचं बजेट त्यावर आधीच मांडून ठेवा, विशेषतः नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली तर. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरताना पदवीचा मुख्य विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती गुणपत्रिका समोर ठेवूनच भरा. बी.एस्सी.ला तीन वर्षं कोणते विषय होते हे आठवणीने लिहिलं आणि एक विषय चुकला, तर ज्या जागांसाठी तुम्ही पात्र होता त्या पसंतीक्रमाच्या यादीत दिसतच नाहीत.