पाणी मुरायला सहा आठवडे

गेल्या वर्षी सप्टेंबरात, म्हणजे इथे ब्रिस्बेनला थंडी सरते तेव्हा, मी घरामागच्या अंगणात मासे आणि भाजी एकत्र वाढवायला घेतली. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. खाली माशांची टाकी, वर खडीचा वाफा. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो, झाडं त्यातलं खत घेतात आणि निवळ पाणी परत माशांकडे उतरतं. मातीचं काम नाही. ऊन उडवेल आणि झाडं पितील तेवढंच पाणी वरून घालायचं. मी इंदापूर तालुक्याच्या कोरड्या अंगाची. आमच्याकडे उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा शेवग्याच्या बुंध्याशी जायचं, त्यामुळे एकच पाणी फिरत राहतं ही गोष्ट ऐकल्या क्षणीच मला आवडली.

टाकी म्हणजे लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातलं हजार लिटरचं चौकोनी प्लास्टिकचं पिंप. आधी त्यात खाण्याचाच जिन्नस भरलेला होता ना, हे विचारून घेतलं. रसायनांचं पिंप कितीही धुतलं तरी माशांसाठी वापरू नये. वरचा साधारण फूटभर भाग कापून उलटा केला की वाफा होतो, खाली सातशे लिटरची टाकी उरते. खडी आणण्याआधी मूठभर नमुना घरी आणून त्यावर व्हिनेगर ओतलं. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे असं समजायचं, आणि अशी खडी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढवत राहते. पहिल्या नमुन्याला फेस आला, दुसऱ्याला नाही. दुसरी घेतली.

सगळ्यात जास्त वेळ सायफनने खाल्ला. वाफ्यात मधोमध एक उभा पाइप, त्यावर बंद तोंडाचा जाड पाइप टोपीसारखा पालथा घातलेला. पाणी उभ्या पाइपाच्या काठावर आलं की आत पडायला लागतं, आतली हवा ओढून नेतं आणि मग सगळा वाफा एका दमात रिकामा होतो. तळाशी हवा शिरली की ओढ तुटते आणि वाफा पुन्हा भरू लागतो. मुळांना पाणीही मिळतं, हवाही मिळते. माझ्याकडे मात्र पाणी काठावरून नुसतं झिरपत राहायचं, ओढ लागायचीच नाही. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. शेवटी उभ्या पाइपाच्या तोंडावर नरसाळ्यासारखा रुंद तोंडाचा तुकडा बसवला. पाणी चहूबाजूंनी एकदम आत कोसळलं, पाइप गच्च भरला, आणि खालून घळघळ आवाज आला. लेक घरातून धावत आली. आम्ही दोघी तिथेच गवतात बसून पुढचे तीन फेरे बघत राहिलो.

आता माझ्या हातून झालेली चूक. ती मी सविस्तर लिहिते आहे, कारण कुणी हे करायला घेतलं तर त्याचे मासे वाचावेत.

आमच्या नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरामाइन घातलेलं असतं. साधा क्लोरीन पाणी उघडं ठेवलं की उडून जातो, क्लोरामाइन तसं जात नाही, आणि मासे व जिवाणू दोघांनाही ते घातक. म्हणून मी पावसाच्या टाकीतलं पाणी भरलं. लांबलेल्या दुष्काळानंतर २००७ पासून काही वर्षं क्वीन्सलंडमध्ये नव्या घरांना पाणी वाचवण्याची सोय सक्तीची होती, त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांना अशा टाक्या आहेत. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग दोन आठवडे पाणी फिरवलं, ते काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, आणि मी सिल्व्हर पर्चची बोटाएवढी तीस पिल्लं आणून सोडली.

पाचव्या दिवशी सकाळी सगळी पिल्लं वर आली होती. तोंडं पाण्याबाहेर, कल्ले भराभर हलताहेत. दोन तळाशी आडवी पडलेली. एक बाहेर काढून कल्ला उचलून बघितला. लालभडक असायला हवा, तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला होता. तपासणीच्या पेटीतली नळी भरली, थेंब टाकले. फिकट निळा रंग यायला हवा होता, जांभळा आला. म्हणजे पाण्यात नायट्राइट साचलं होतं. ते रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

झालं होतं असं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणं. हे जिवाणू खडीच्या अंगावर चिकटून वाढतात, आणि दोन्ही जातींची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या जातीचे उशिराच येतात. माझ्याकडे पहिले पोचले होते, दुसरे अजून यायचे होते.

खाणं त्याच मिनिटाला बंद केलं. निम्मं पाणी काढून पावसाचं घातलं. पोहण्याच्या तलावासाठी काहीही न मिसळलेलं साधं मीठ मिळतं, ते लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने एकूण सातशे ग्रॅम, दिवसभरात तीन भागांत विरघळवून ओतलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतं. तरी सात पिल्लं गेली. ती लिंबाखाली पुरताना मला फार वाईट वाटलं. मुका जीव आपण आपल्या हौसेने आणायचा, तर त्याचं घर आधी तयार असायला हवं.

रात्री गावी, शेती करणाऱ्या अण्णांना फोन केला. मी जिवाणू, नायट्राइट सांगत होते, ते ऐकत होते. मग म्हणाले, "जीवामृत केल्यावर आपण लगेच ओततो का गं? पिंपात मुरू देतो ना? तुझं पाणी मुरलं नव्हतं, बाळा." शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती यांच्या या पातळ खताचं पिंप रोज काठीने ढवळत असताना मी त्यांना लहानपणापासून बघितलंय. त्या मूठभर मातीतही हेच काम करणारे जिवाणू असतात. मी पुस्तकं वाचून जे नीट समजले नव्हते, ते या एका शब्दाने समजलं.

पुढचा महिना रोज सकाळी परीक्षानळ्या. जांभळा रंग हळूहळू निळ्यावर आला, आणि नायट्रेटची नळी पिवळ्याची केशरी झाली. तेव्हा पालक आणि कोथिंबीर लावली. पालक इतका आला की शेजारच्या घरी द्यायला लागले. मग टोमॅटो. इनालाच्या व्हिएतनामी बाजारातून अळूचे कंद आणले, आणि आता त्या पानांच्या वड्या होतात. अळूची मुळं खडीत जाळं करतात, म्हणून त्याला कोपऱ्यात वेगळं टोपलं दिलंय. मावा पडला तरी फवारा मारता येत नाही, कडुनिंबाचं तेलसुद्धा माशांना नको. पानं उलटून बोटांनी पुसायची.

डिसेंबरात नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची कमतरता, कारण माशांच्या खाद्यात लोह कमी असतं. चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून झाडांना घेता येईल असं लोह, चमचाभर दिलं. नंतर सामू उतरून सहावर आला. जिवाणू काम करतात तसं पाणी आंबट होत जातं, आणि पावसाच्या पाण्यात ते आवरणारे क्षार नसतात. त्यावर चुना. पानाला लावतात तोच, पूड स्वरूपात. अगदी थोडा, दोन दिवसांच्या अंतराने. सामू एकदम चढला तर पाण्यातला उरलासुरला अमोनिया जास्त विषारी होतो.

गावाकडून सगळे एकच विचारतात, चिलापी का नाही पाळलीस? उजनी धरणातली चिलापी खाऊन वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण क्वीन्सलंडमध्ये चिलापी, म्हणजे तिलापिया, ठेवायला बंदी आहे, मेलेलासुद्धा नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि ती मेल्यावरही अंडी जगू शकतात. एकदा नदीत शिरली की देशी माशांना जागा उरत नाही. सिल्व्हर पर्च इथल्या मरे-डार्लिंग खोऱ्यातला, आणि नद्यांमध्ये आता फार कमी उरलाय. पाळायला सोशीक आहे, थंडी-ऊन दोन्ही काढतो. जून-जुलैत खाणं जवळजवळ सोडतो, तेव्हा आपणही हात आखडता घ्यायचा.

तेवीस राहिले, ते चौदा महिन्यांत ताटभर झाले. मागच्या रविवारी पहिले दोन काढले.  आईच्या पद्धतीने लसूण, लाल तिखट, हळद, मीठ, लिंबू लावून तव्यावर तळले. सोबत कोथिंबीर त्याच पाण्यावरची.

ताटाचा फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी माशाबद्दल विचारलंच नाही. आमच्या शेततळ्यात त्यांनी रोहू-कटला सोडलेत आणि तेच पाणी ठिबकने डाळिंबाला जातं. दोन वर्षांपूर्वी पहिला पाऊस पडल्यावर एका रात्रीत बरेच मासे वर आले होते, ते का, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

"येताना ती रंग बघायची पेटी आण," म्हणाले. "आणि पेटीतला कागद मराठीत लिहून आण, गड्यालाही वाचता आला पाहिजे."

तो कागद कालपासून लिहायला घेतलाय.